थांबू शकणारी माणसं

"हॅलो?… हो, हॉस्पिटलचं तळघरच. शीतखोली. मीच बघते इथलं… मावशी म्हणा, सगळे तेच म्हणतात. आपण कोण?… अच्छा. काल गेलेल्या आजींचे चिरंजीव? बोला दादा, बोला."

मावशींनी स्टूल पुढे ओढलं. गेलेल्या माणसांची राखण करण्यात त्यांचा जन्म गेला होता, पण मागे राहिलेल्यांशी काय बोलावं हे अजूनही नीटसं जमत नसे. नको तिथे नको तो शब्द निसटायचा.

"विमानतळावर आहात?… हो, येतोय गर्दीचा आवाज… उद्या सकाळी पोचाल ना? मग झालं. आई इथेच आहेत… एकट्या कशा हो? मी आहे ना… काय? कुणी सांगितलं?… शेजारच्या बाईंनी? बरोबर आहे, गारव्याचं मशीन आत्ता बंद आहे. अहो, ऐका ना… दादा, ऐकून तर घ्या… नाही, बिघडलेलं नाही. मीच बंद केलंय…"

त्यांनी फोन कानापासून लांब धरला आणि त्याला ओरडून घेऊ दिलं. ज्यांना रडता येत नाही ते ओरडतात, एवढं मात्र त्या इथे शिकल्या होत्या.

"झालं?… छे, राग कसला. आजी वॉर्डात सगळ्यांना सांगायच्या म्हणे, माझा लेक तिकडून नुसता फोनवर भांडून इथली कामं करून घेतो. आत्ता पटलं मला!… हसलात ना जरा? हसा.

आता सांगते. दुपारी रणरणतं ऊन असतं, तेव्हा उन्हावर बनणारी वीज नुसती उतू जात असते. त्या वेळी आम्ही ही खोली रोजच्यापेक्षा जास्त गार करून ठेवतो आणि दिवेलागणीला मशीन थांबवतो. भिंती हातभर जाड, दार घट्ट. गारवा जातोय कुठे?… काटा आहे की, माझ्या समोरच. तो वर चढला तर मशीन आपलं आपण सुरू होतं, माझी वाट बघत नाही… पैसे वाचवायला? नाही हो! सूर्य घरी जातो आणि नेमकं त्याच वेळी सगळं गाव घरी येतं. दिवे, शेगड्या, पंखे, सगळे एकदमच वीज ओढायला लागतात. पुरणार कशी? मग एक तर कोळशावरचं जुनं वीजघर पेटवायचं, गावभर काजळी, नाहीतर एखाद्या वस्तीला अंधारात बसवायचं. म्हणून ज्याला थांबता येतं त्याने थोडं थांबायचं. पाण्याचे पंप थांबतात, बर्फाचा कारखाना थांबतो, तसेच आम्ही… वर? वर काचेच्या पेटीत बाळं आहेत, त्यांना जनरेटर आहे. पण घरोघरी श्वासाच्या मशीनवर पडलेली माणसं असतात, त्यांना कुठला जनरेटर? ती नाही थांबू शकत, दादा. आमच्याकडची थांबतात."

बोलताना मावशींनी एकदा दाराकडे पाहिलं, आतल्यांची परवानगी घ्यावी तसं.

"काय?… दार उघडून चेहरा दाखवू? फोनवर?… आत्ता नको हो. दार उघडलं की साठवलेला गारवा भसकन बाहेर येईल. रात्री मशीन सुरू झालं ना, की मग हवा तेवढा वेळ… तोवर विमानात बसलेले असाल?… हं… कळतंय हो, कळतंय.

हे बघा, बटण माझ्या हाताशी आहे. मला कुणी बांधून नाही घातलेलं. तुमची आई आहे, तुम्ही म्हणाल तर लावते मशीन, उघडते दार. एका खोलीने काही जग बुडत नाही. पण आईंची काळजी असेल, तर त्या राहतील सकाळपर्यंत, मी सांगते ना. आयांना वाट बघायची सवयच असते—"

मावशींनी जीभ चावली. निसटलाच शब्द! पलीकडे नुसती विमानतळाची घोषणा ऐकू येत राहिली.

"दादा?… चुकलं हो माझं. मला तसं नव्हतं म्हणायचं… हं… दर वेळी 'पुढच्या महिन्यात येतो' म्हणालात… आणि त्या?… 'सावकाश ये' म्हणायच्या?… रडा. रडा बाळा. लोक बघतात तर बघू देत.

काय म्हणालास?… त्यांच्याकडेही होतं? श्वासाचं मशीन? घरी?… अगं बाई. मला कुठे ठाऊक… संध्याकाळी वीज गेली अशी तक्रार एकदाही नाही केली?… असेल बाळा. कुणीतरी थांबलं असेल. कोण ते कसं कळणार? याची पावती कुणी देत नाही.

मग? काय करू?… बंदच राहू दे म्हणतोस? नक्की ना? नंतर मनाला लागेल हो… बरं.

कशा दिसतात? सांगते. केस मी विंचरलेत, मऊ आहेत हो त्यांचे. नाकावर चष्म्याची खूण अजून आहे. चेहऱ्यावर कष्ट नाहीत… नाही, तुला बरं वाटावं म्हणून नाही सांगत. देवाशपथ.

बोलायचंय त्यांच्याशी?… आत ऐकू जाईल की नाही, मी काय सांगू? देवाला जाड भिंती आड येत नाहीत, तो पोचवेल… थांब, दाराला लावते फोन. बोल तू. मी नाही ऐकत."

मावशींनी फोन दाराच्या थंडगार पत्र्याला टेकवून धरला, मान दुसरीकडे वळवली, आणि एक शब्दही कानावर येऊ नये म्हणून तोंडातल्या तोंडात नाम घेत राहिल्या. हाताला रग लागली. हात बदलला. फोन दारावरून हलू दिला नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी तो कानाला लावला.

"हॅलो?… बाळा?… दादा, झालं का बोलून?"

पलीकडून फोन बंद झाला होता. त्याचं सगळं सांगून झालं होतं, की विमानात बसायची वेळ होऊन मधेच तुटलं होतं, कळायला मार्ग नव्हता.

मावशींनी फोन स्टुलावर ठेवला. मग दारावर तळवा ठेवून, एखाद्या झोपलेल्या बाईला उठू न देता निरोप सांगावा तशा हळू आवाजात म्हणाल्या, "निघालाय हो तो."