चौकटीतला मजकूर

सासरे: चार वाजेपर्यंत मुदत आहे. आता दीड वाजलाय, आणि कॉलेज इथून पाऊण तास.

सून: सकाळपासून तीनदा सांगितलंय, बाबा. परीक्षेचा फॉर्म मला भरायचा नाही.

सासरे: पेन सापडत नसेल तर माझं घे.

सून: पेन सापडलंय. अक्कल सापडत नाहीये. पदवीचे बाकी सगळे पेपर सुटले आणि हा एकच दोनदा राहिला. सूक्ष्म अर्थशास्त्र. माणसानं ओळखावं की आपली उडी इथपर्यंतच.

सासरे: आणि लॉन्ड्रीतली ती देखरेखीची जागा?

सून: पदवीधरच हवा म्हणतात. राहिलं. सहा वर्षं दवाखान्याच्या चादरींच्या घड्या घातल्या, आणखी सहा घालीन. चादरी काही मळायच्या थांबत नाहीत.

सासरे: नवऱ्याशी बोललीस?

सून: सकाळीच. म्हणाले, तुला पटेल तसं कर. आणि तोंड पाडून कामावर गेले.

सासरे: उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली होतीस ना? तो लिफाफा तसाच दिसतोय.

सून: आपलीच फजिती परत कशाला वाचायची?

सासरे: मग मी फोडतो. एकतीस वर्षं वर्तमानपत्रात दुसऱ्यांच्या चुका वाचायचा पगार घेतला. मला सवय आहे.

सून: फोडा. मी जेवायला वाढते.

(लिफाफा फाडल्याचा आवाज. मग बराच वेळ नुसती पानं उलटल्याचा.)

सासरे: शुद्धलेखन मात्र चोख आहे हो.

सून: असणारच. तुम्ही पुस्तक वाचून फोनमध्ये रेकॉर्ड करून देता, त्यात स्वल्पविरामसुद्धा मोठ्यानं वाचता. घडीच्या टेबलावरच्या बायका विचारतात, कानात काय लावलंयस? मी सांगते, सासरे स्वल्पविराम देतायत.

सासरे: मुद्रितं जोडीनं तपासायचो आम्ही. एकानं विरामचिन्हांसकट वाचायचं, दुसऱ्यानं मूळ प्रतीवर नजर ठेवायची. मला दुसरं वाचन येत नाही.

सून: तक्रार नाही, बाबा. तुम्ही वाचून दिलंत म्हणून इथवर आले. आठ तास उभं राहायचं, हात चादरीत आणि कान रिकामे. दुसऱ्या कुठल्या वेळी शिकणार होते मी? या पुस्तकात पान साठवर तुम्ही शिंकता, तेसुद्धा मला पाठ आहे. एवढं पाठ असून नापास होते, म्हणजे दोष डोक्यातच.

सासरे: दुसरा प्रश्न अख्खा कोरा सोडलास.

सून: पाणी स्वस्त आणि हिरा महाग का, असं होतं त्यात. तुमच्या वाचनात हिऱ्याचं नाव कधी आलं नाही. मला वाटलं, भलत्याच विषयाचा पेपर हातात दिला.

सासरे: पाचवाही कोरा.

सून: सिनेमाच्या तिकिटांचं काहीतरी होतं. पाठ्यपुस्तकातील उदाहरण द्या म्हणे. कुठलं उदाहरण?

सासरे: सिनेमाच्या तिकिटांचं.

सून: हो. काय झालं?

सासरे: पुस्तक आण बरं.

सून: तुमच्याच उशाशी आहे. आधी दोन घास खाऊन घ्या.

सासरे: पुस्तक आण.

सून: हे घ्या.

सासरे: पान चव्वेचाळीस. हे बघ, हिरे.

सून: अगंबाई. हे मी कधीच ऐकलेलं नाही.

सासरे: मी वाचलेलंच नाही.

सून: म्हणजे?

सासरे: चौकटीत आहे ते. वर्तमानपत्रात चौकट म्हणजे जाहिरात. ते जाहिरात खात्याचं काम. आम्ही तिला हात लावायचा नाही, कुणी लावला तर वरून बोलणी खायची. एकतीस वर्षं माझी नजर चौकटीवरून सरळ खाली उतरायची. इथेही तशीच उतरली.

सून: बाबा, हे पाठ्यपुस्तक आहे.

सासरे: हिरे होते गं त्यात. मला सराफाची वाटली.

सून: आणि हे पान एकशे दोन? ज्येष्ठ नागरिकांना कमी दरात तिकीट?

सासरे: थिएटरची वाटली. मी तिथे जाऊन चौकशीसुद्धा करून आलो. खिडकीवरचा म्हणाला, आजोबा, आमच्याकडे अशी काही योजना नाही.

सून: अशा किती चौकटी आहेत एकूण?

सासरे: मोजतोय. सव्वीस.

सून: आधीच्या पुस्तकांतल्याही सोडल्यात?

सासरे: त्यांत चौकटीच नव्हत्या. हे एकच नव्या धर्तीचं निघालं. सगळी उदाहरणं यांनी चौकटीत घातलीत.

सून: म्हणून हाच पेपर राहिला. दोन्ही वेळा हाच.

सासरे: तू हसतेयस?

सून: मग काय करू?

सासरे: चिड माझ्यावर. तुझी दोन वर्षं खाल्ली मी. मला फार वाईट वाटतंय गं. माझ्यामुळे तू स्वतःला ढ समजत बसलीस, आणि मी वर तुला धीर देत होतो.

सून: चिडेन नंतर. आधी हसू द्या. दोन वर्षं मी मनात एकच घोकतेय, मला जमत नाही, मला जमायचं नाही. आणि झालं काय होतं, तर सासऱ्यांनी सराफाची जाहिरात गाळली होती.

सासरे: या खेपेला वाचायला दुसरं कुणी बघ. माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही.

सून: तुमची शिंक ऐकली नाही तर मला पान साठ आलेलं कळायचं नाही. पण ते राहू दे. तिसरी खेप घ्यायची ताकद आहे का माझ्यात, ते मला माहीत नाही. चौकटी ऐकूनही डोक्यात शिरल्या नाहीत तर? मग तर काही सबबही उरायची नाही.

सासरे: थांब. इथे एक बेकरीचा प्रश्न आहे. तो तू सोडवलायस.

सून: सोडवला कुठला? कोरं पान देताना लाज वाटली म्हणून काहीतरी खरडलं. शून्य मिळालं असणार.

सासरे: ऐक. "घटत्या उत्पादनाचा नियम पुस्तकातील बेकरीच्या आधारे स्पष्ट करा." त्याखाली तुझं अक्षर. "कोणती बेकरी ते मला माहीत नाही, स्वल्पविराम, म्हणून आमच्या लॉन्ड्रीतले सांगते, पूर्णविराम. घडीच्या टेबलाला दोघी असल्या की चादरी भराभर होतात. तिसरी आली की आणखी होतात. पाचवी आली की कोपराला कोपर लागते. सहावी नुसती गप्पा मारते. टेबल तेवढेच आहे, म्हणून बाई वाढली तरी चादरी त्या मानाने वाढत नाहीत. पूर्णविराम."

सून: सहावी म्हणजे आमची मावशी. ती खरंच नुसती बोलते.

सासरे: पंधरापैकी तेरा.

सून: काय?

सासरे: तेरा दिलेत. बाजूला लाल शाईत लिहिलंय, "स्वतःचे उदाहरण. छान." आता ही चौकट बघ. तीन कामगार, एक भट्टी, चौथा आला, पाचवा आला. शब्द वेगळे आहेत, गोष्ट तुझीच आहे. नियम तेवढा मी वाचून दिला होता, कोरडा. उदाहरण तुझं तू आणलंस.

सून: परत वाचा.

सासरे: चौकट?

सून: नाही. माझं.

सासरे: "कोणती बेकरी ते मला माहीत नाही, स्वल्पविराम."

सून: त्या ओळीला मी पेपरात रडायच्या बेतात होते. आत्ताही आहे. तो फॉर्म इकडे द्या.

सासरे: हा घे. पेन?

सून: तुमचंच द्या.

सासरे: मीही येतो बरोबर. चूक माझी आहे, निदान हेलपाट्यात तरी माझा वाटा असू दे.

सून: चला. पण दोन घास खाऊन. आणि तुमच्या मुलाला वाटेत फोन करा, म्हणजे बिचारा संध्याकाळी हसून घरात येईल.

सासरे: पुस्तक पिशवीत टाकतोय. बसमध्ये पाऊण तास आहे, तेवढ्यात सुरुवात होईल. लोक बघतील मात्र. विरामचिन्हं गाळू का?

सून: काही गाळायचं नाही, बाबा. यापुढे काही म्हणजे काही गाळायचं नाही.

सासरे: बरं. बसमध्ये बसलं की पान चव्वेचाळीस, चौकट सुरू. तुला वेग कसा हवाय, नेहमीचाच?

सून: सावकाश वाचा. आज माझे हात रिकामे आहेत.