वर्खाएवढी पट्टी

ताई : परत फाटली? आत्ता चहा ठेवायला आत गेले तेव्हा तर चांगली ताणून उभी होती.

धाकटा : नाजूक जात आहे ताई. वर्खाएवढी पातळ पट्टी, ती किती तग धरणार?

ताई : चहा उकळेपर्यंत तरी धरावा.

धाकटा : राहू दे आज. पुढच्या सुट्टीला तुझा हा दवाखाना बंद असेल तेव्हा परत बसू.

ताई : तोंड उघड.

धाकटा : मी पेशंट म्हणून आलेलो नाही.

ताई : मी विचारलं नाही. आ कर. हं... सूज परत आलीय. गोळ्यांना दाद देत नाही आता. खालचे पुढचे दोन्ही दात हलतायत, आणि पू हाडाकडे चाललाय. कळतंय का तुला?

धाकटा : कळतंय गं. पण ठरलंय ना आपलं? आधी बासरी रेकॉर्ड करायची, मग दात काढायचे.

ताई : ठरलं, कारण तू म्हणालास, ते दात गेले की ओठाला टेका राहणार नाही, खालचे सूर लागायचे नाहीत. बरं, म्हटलं. चांगला माइक आणून दिला, तर तू नाक मुरडलंस.

धाकटा : त्यात बासरी कुकरच्या शिट्टीसारखी वाजत होती!

ताई : म्हणून तर हा रिबन माइक करायला बसले. तूच सांगितलंस, त्या जुन्या स्टुडिओत असा होता, त्यात बासरी बासरीसारखी ऐकू यायची. चुंबकं मागवली, त्यांच्यामध्ये आवाजानं थरथरणारी पट्टी बसवायची म्हणून. दात कोरायच्या हत्यारांनी पट्ट्या कापल्या. घड्याळाच्या दातेरी चाकांमधून काढून त्यांना चुण्या पाडल्या. जाळीसाठी घरातली गाळणी गेली. तुझे भाऊजी चहातली पावडर चावत बसतात, पण तक्रार नाही.

धाकटा : देवमाणूस आहे.

ताई : विषय बदलू नकोस. पहिली पट्टी फाटली तेव्हा मी फोनवर होते. दुसरी फाटली, तेव्हा कुणीतरी बेल वाजवली म्हणून बाहेर गेले होते. आज चहा. मी खोलीत असताना एकही फाटली नाही.

धाकटा : योगायोग.

ताई : आणि ही बघ. मागच्या बाजूला फुगून फाटलीय. समोरून वारा बसल्यासारखी. पंखा बंद आहे, खिडकी मी स्वतः लावली. या खोलीत श्वासावर पोट भरणारा माणूस एकच आहे.

धाकटा : हळूच फुंकली गं.

ताई : तिन्ही?

धाकटा : तिन्ही.

ताई : अरे, पण का?

धाकटा : माइक चांगला झाला म्हणून! पहिल्या दिवशी तू हेडफोन दिलास आणि मी नुसता घसा खाकरला, आठवतंय? तो अगदी माझाच घसा होता. म्हटलं, हा आपल्याला सगळाच्या सगळा पकडणार. आणि पकडला की तू दात काढायचा चिमटा घेऊन उभीच. मग खरा मी त्या रेकॉर्डिंगच्या डबीत, आणि इथं हा नुसता बोळका माणूस.

ताई : जबडा गेला असता तुझा, मूर्खा.

धाकटा : ओरड. ओरडलीस तरी चालेल.

ताई : कोणत्या तोंडानं ओरडू? दुसरा कुणी असता तर सूज पाहिली त्याच दिवशी दात काढले असते मी. तुला गोळ्या देत राहिले. चुण्या पाडत बसले. तू फुंकायचास, मी नवी कापायचे. मलाही ते दात काढायचे नव्हते रे.

धाकटा : तुला? तू तर लहानपणी मी वाजवायला लागलो की कानात कापसाचे बोळे घालायचीस!

ताई : एकाच कानात.

धाकटा : काय?

ताई : तुला दिसायचा त्या कानात.

धाकटा : ताई!

ताई : पुरे. ट्रेमध्ये अजून एक पट्टी आहे. हात धू आणि वरचं टोक धर. आणि श्वास रोखून.

धाकटा : धरलं. जास्त ताणू नकोस.

ताई : तू मला शिकवू नकोस... बसली. आता समोर नको उभा राहूस. फुंक थेट लागेल. कडेला सरक. अजून. हं. वाजव.

(तो वाजवतो. बराच वेळ.)

धाकटा : आला का खालचा सा?

ताई : आला. पुढे एके ठिकाणी सूर हलला.

धाकटा : तिथं दात ठणकला. परत घेऊ?

ताई : नको. असू दे तो तसाच.

धाकटा : डोळे पूस आधी. तशा डोळ्यांनी माझे दात नकोत काढायला.

ताई : पुसलेत.

धाकटा : नंतर वाजेल का गं मला?

ताई : माहीत नाही. जखम भरली की नवे दात बसवू, तू वाजवून बघायचं, मी घासून कमी करायचे, परत वाजवायचं. वेगळा येईल आवाज. तसाच येईल असं खोटं नाही सांगणार.

धाकटा : बरं. बासरी कुठं ठेवू?

ताई : दे इकडे. ये, बस खुर्चीत.

धाकटा : खुर्ची फार आडवी करू नकोस हं. भीती वाटते मला.

ताई : नाही करत. टेक डोकं.