सरवा वेचणारी सून

दिग्रसच्या बसमध्ये वैष्णवीच्या पुढं सासू-सून बसल्या होत्या. एकच इअरफोन दोघींनी वाटून घेतलेला, कानात गाणं वाजत असल्यामुळं बोलणं साऱ्या बसला ऐकू जाईल असं.

“कालेजाच्या गाण्याच्या रेकॉर्डिंगमंदी माह्या नातीचा, प्रेरणाचा, आवाज कोणता?”

“साठ जणं संगं गाऊन राह्यले, आत्याबाई. बायबलातल्या रूथची गोष्ट हाय. नवरा मेला, तरी सासूले सोडलं नाही तिनं.”

“मंग खाल्लं काय दोघींनी?”

“लोकाच्या वावरात कापणीमागं पडून राह्यलेल्या कणसाचा सरवा वेचला.”

“सासूसाठी सरवा! आयकलं? अशी सून पायजे!”

“सासूचंबी आयका न. तिनंच सुनेचं दुसरं लगन जमवलं.”

म्हातारीनं इअरफोन कानात घट्ट बसवला.

“ते लगनाचं पुन्हा लाव. अन् माह्या पोराले आयकवू नोको.”