खलाशी यूसुफची हॉलिवूडमधली वीस वर्षं

– नाही उदय, ‘थोर कलावंत’ नका लिहू. कुवेतच्या मंडळाच्या स्मरणिकेत काय छापायचं ते छापा, पण मला विचारायला सालमियात तीन जिने चढून आलात ना, मग ऐका. माझा बाप यूसुफ रत्नागिरीचा खलाशी. दोन वर्षांत येतो म्हणून गेला, एकोणपन्नास साली अमेरिकेत बोटीवरून उतरला तो परत चढलाच नाही. हॉलिवूडवाल्यांना सावळा, दाढीवाला माणूस हवा असायचा – शेख, फकीर, माहूत, काही पण. तलवार घेऊन धावायचं, गोऱ्या हिरोनं गोळी घातली की पडायचं. वीस वर्षं हेच. संवाद? ‘येस, साहिब.’ झाली कारकीर्द. दाखवा इथल्या अरबांना तो शेख, हसतील तोंडावर.

आणि घरी? अम्मी लोकांचे कपडे शिवायची. पत्रं यायची, हो – यायची, मी कुठं नाही म्हणतेय? मराठीत लिहायचा. अम्मीला अक्षर येत नव्हतं, मी चौथीत, मीच वाचून दाखवायची. छप्पन साली ते पत्र आलं – खोली घेतलीय, कागद झालेत, तू बोटीनं निघून ये, खैरुन्निसाला, म्हणजे मला, दोन वर्षं आजीकडे ठेव. काय बघताय? दहा वर्षांची होते मी. त्याची दोन वर्षं म्हणजे किती, ते मला ठाऊक होतं. मी वाचलं, ‘मी इथं निकाह केलाय, मला लिहू नकोस.’ अम्मी म्हणाली, पुन्हा वाच. मी पुन्हा तसंच वाचलं, शब्द न् शब्द. तिनं मशीनवरचं झबलं पुरं शिवलं, मग आत गेली. नंतरची पत्रं तिनं न फोडता चुलीत घातली. मला सांगायचं होतं तिला – नाही, खोटं कशाला बोलू, नव्हतं सांगायचं. ती एक्याऐंशीत गेली, तोवर नव्हतं.

त्र्याण्णवमध्ये इथं फोन आला, नंबर कुणी दिला कोण जाणे. म्हातारा आवाज. ‘तुझी अम्मी का आली नाही, एवढंच सांग.’ ना शिवी, ना रडणं. मी म्हटलं, राँग नंबर. महिन्यानं कळलं, वारला. दुसरं लग्न केलंच नव्हतं म्हणे त्यानं, एकटाच होता.

लिहून घेताय? हे लिहायचं नाही. द्या ते पान इकडे – फाडून द्या. माझा मुलगा ओवैस येईल आता राईहून, कामावरून, त्याला यातलं काही माहीत नाही. चहा राहू दे. उठा तुम्ही.