हरीभाऊची चौकशी

रोह्याच्या कंपनीत असतानाची गोष्ट. आमच्या हरीभाऊला सुपरवायझरला मारल्याबद्दल चार्जशीट मिळालं. चौकशीत त्याच्या बाजूने बोलायला मी, त्याच्यासोबतचाच एक कामगार, बसलो. उद्या माझाच नंबर लागेल, ही भीती होतीच. हरीभाऊ पुटपुटत होता, "नोकरी गेली तर पेणला घरी काय सांगू रे?"

मी सुपरवायझरला विचारलं, "तक्रार तुम्हीच लिहिलीत?"

"नाय. मॅनेजर सायबांनी लिहिली, मी सही केली."

"हरीभाऊने मारलं?"

तो खाली बघत म्हणाला, "चुकून धक्का लागला व्हता."

जबाब लिहिणाऱ्या चौकशी अधिकाऱ्याचा हात थांबला. समोर बसलेला मॅनेजर माझ्याकडे रोखून बघत होता.

कसाबसा म्हणालो, "साहेब, हे लिहा."

त्यांनी लिहिलं. आरोप टिकला नाही आणि सोमवारी हरीभाऊ पुन्हा कामावर आला. मला मात्र पुढे महिनाभर ऑफिसचा शिपाई दिसला, की वाटायचं, माझंच चार्जशीट घेऊन आला.