स्टॉपवर काढलेलं शटर

बसच्या रांगेत माझ्या पुढे एक आई आणि तिचा तरुण मुलगा उभे होते. स्टॉपवरच्या जाहिरातीच्या स्क्रीनवर कोणीतरी रंगाने दुकानाचं बंद शटर काढलं होतं.

"कोणा मेल्याचा हा उद्योग?"

"माझा, आई."

"तुझा?"

"ताई जाऊन वर्ष झालं, तरी या जाहिरातीत तिचा चेहरा दाखवून क्रीम विकतायत. मला बघवेना."

"अरे, नवीन यंत्र आहे ते. समोर कोणी उभं राहिलं की ती हसायची. म्हणून तर रोज यायचे मी."

"मला वाटलं, बाजारात जातेस."

"बाजारात माझं काय ठेवलंय?"

"पुसू का?"

"नको, काचेवर ओरखडे पडतील. बाजूला हो जरा."

"कशाला?"

"शटरच्या कडेला तिच्या ओठाचा कोपरा उरलाय. तो हलतो का बघते."