आबांची छन्नी

हंबीरराव : आवो, लाईट कवाबी येईल आनि तुमी नवरा-बायको भांडत काय बसलाय? चरकाच्या चाकात किल्लीची पाचर अडकलीया, अर्धी कायल रस पडून हाय. आंबला तर माझं गुळाचं आख्खं आदण गेलं की!

आकाराम : जरा दम काढा, हंबीरराव. शालू, धर ती छन्नी. एका घणात किल्ली सुटंल.

शालूबाई : आदी तिचं डोकं घासा, मग धरतो. फुललंय बघा कसं. कडा सुटून लोंबाय लागल्यात.

हंबीरराव : मग पेटीतली दुसरी घ्या की. ही बघा, झकास धार हाय हिला.

शालूबाई : ठेवा ती खाली! छन्नी न्हाय ती. उजेडात धरा, बारीक दातं दिसत्यात न्हवं? जुनी कानस हाय, घासून टोक काढलंय. कानशीचं पोलाद लई कडक. घणाखाली काचंगत फुटंल.

हंबीरराव : बरं बाई. मग पहिलीच घासा, पर उरका!

आकाराम : ती घासायची न्हाय.

हंबीरराव : का म्हणून?

आकाराम : आबांची हाय. माझा बा जन्मभर ह्याच छन्नीवर घण मारत आला. त्येचं घाव हायती ते डोक्यावर. दर खंडेनवमीला मी कुंकू लावतो त्यास्नी. घासलं तर बा पुसला जाईल माझा.

शालूबाई : आनि दरसाल ती पाटावर मीच मांडतो. एका डोळ्यानं.

आकाराम : शालू! चारचौघांत नगं.

शालूबाई : का नगं? हंबीरराव, उसाचं पातं लागून माझा डोळा गेला म्हणून हे गावाला सांगत्यात. खोटं हाय. ह्याच छन्नीची कड उडाली. घण मामंजींच्या हातात हुता, छन्नी मी धरलीती.

हंबीरराव : आरं तिच्या मायला...

आकाराम : त्या दिसापास्नं आबा घणाला शिवला न्हाय. झुरून झुरून गेला. त्येचा शेवटचा घाव हाय गं ह्यावर. कसा घासू मी?

शालूबाई : शेवटचा घाव छन्नीवर न्हाय. माझ्याजवळ हाय. रोज आरशात बघतो मी त्यो. आठवणीला तेवढा पुरं की.

(आकाराम पेटीतली चांगली कानस काढतो. मग कानस फिरल्याचा आवाज येत राहतो.)

हंबीरराव : लाईट आली वाटतं. ऱ्हाऊ दे, मी मेन स्विच पाडून येतो. सावकाश घासा, आकाराम. आनि वैनी, हा माझा गाडीवरचा गॉगल घ्या.

आकाराम : शालू, अंगठा फिरीव बघू. कड लागती का कुठं?

शालूबाई : न्हाय. सपाट झालंय.

आकाराम : मग धरतीस?

शालूबाई : सांडशीत धरलीय कवाची. तुमी डोळं पुसा आदी. मग हाणा.